नोंदी सर्वांच्या, संशोधन कोणाचे?

(विज्ञान व अभियांत्रिकी शाखांचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि महाविद्यालयीन शिक्षक यांच्या शिबिरात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळचे साडेआठ वाजले की देशभरातील पर्जन्यमापक केंद्रांवर एक लहानसे काम पार पडते. कोठे तहसील कचेरीच्या आवारात, कोठे पाटबंधारे खात्याच्या विश्रामगृहामागे, कोठे कृषी विद्यापीठाच्या शेतावर एखादा कर्मचारी मापकात साठलेले पाणी काचेच्या नळीत ओततो, आकडा वाचतो आणि नोंदवहीत लिहितो. पाऊस झाला नसेल तर शून्य लिहितो. त्या शून्यालाही किंमत असते. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. पुण्याच्या हवामान कार्यालयाने १९०१ पासूनच्या, सुमारे सात हजार केंद्रांवरील अशा नोंदी एकत्र केल्या. देशाच्या नकाशावर पाव अंशाचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात प्रत्येक दिवशी किती पाऊस पडला याची सलग आकडेवारी सिद्ध केली. ही आकडेवारी आज संशोधनासाठी खुली आहे. शंभराहून अधिक वर्षे ज्यांनी ती जमवली, त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर नाहीत. ते सरकारी नोकर होते, बहुतेक खालच्या श्रेणीतले; आणि त्यांचा पगार जनतेच्या करातून होत होता.

प्रश्न असा आहे की, या आकडेवारीवर डॉक्टरेट करण्यासाठी जी थोडी पदे निर्माण होतात, त्यांची वार्ता त्या कर्मचाऱ्याच्या मुलीपर्यंत पोहोचते काय? ती तालुक्याच्या महाविद्यालयातून गणिताची किंवा भौतिकीची पदवी घेऊन बाहेर पडलेली असते. बुद्धीने कमी नसते, कष्टालाही मागे हटत नाही. परंतु अशी पदे अस्तित्वात आहेत, त्यांना विद्यावेतन मिळते आणि त्यांसाठी अर्ज करण्याचा आपल्याला अधिकार आहे, हेच तिला पुष्कळदा कोणी सांगितलेले नसते. आजच्या विषयाचे मर्म येथे आहे. विज्ञान आणि अभियांत्रिकीतील आकडेवारीप्रधान संशोधनाची पदे कशी शोधावीत, हा वरकरणी व्यवहाराचा प्रश्न दिसतो. त्याच्या मुळाशी मात्र माहितीच्या वाटपाचा प्रश्न आहे.

आज ज्याला सर्रास ‘डेटा’ म्हटले जाते, ती वस्तू काही नवी नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. त्या पाहणीच्या आकड्यांवर पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा देशातील गरिबीविषयीच्या वादाला आकड्यांचा भक्कम पाया मिळाला. रानोमाळ हिंडून घरोघर प्रश्न विचारणाऱ्या अन्वेषकाच्या वहीतून राष्ट्राच्या धोरणापर्यंत जाणारा हा मार्ग होता. आज फरक पडला आहे तो परिमाणाचा. जुन्नर तालुक्यात खोडद येथे उभ्या असलेल्या महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अहोरात्र जे संकेत टिपतात, ते माणसाने वहीत उतरवून घ्यावेत असे नव्हेतच. उपग्रहांची छायाचित्रे, रुग्णांच्या जनुकक्रमांचे आराखडे, धरणांच्या पातळ्या, विजेच्या जाळ्यावरील भाराचे आलेख, कारखान्यातील यंत्रांची कंपने – या सर्वांचे ढीग रोज वाढत आहेत. ते वाचणारी, त्यांतला अर्थ आणि त्यांतली चूक ओळखणारी माणसे मात्र अपुरी आहेत. म्हणूनच ही पदे निर्माण होत आहेत.

शोधाची पहिली चूक येथेच होते. विद्यार्थी ‘डेटा सायन्स’ हे शब्द शोधत बसतो आणि संगणकशास्त्राच्या चार नामांकित विभागांच्या दारात हजारो अर्जदारांच्या रांगेत उभा राहतो. असे विभाग आहेत, हे खरे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संगणकीय व डेटा विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईच्या आयआयटीत या विषयाला वाहिलेले केंद्र आहे. ‘गेट’ परीक्षेत २०२४ पासून डेटा विज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली आहे. परंतु आकडेवारीवरील संशोधनाचा फार मोठा भाग निराळ्या नावांखाली चालतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनचा अभ्यास करणारा संशोधक दिवसभर आकडेवारीतच बुडालेला असतो. त्याच्या पदाच्या जाहिरातीत मात्र ‘वातावरणशास्त्र’ एवढेच लिहिलेले असते. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात आणि आयुकात तो खगोलशास्त्रज्ञ म्हणवतो. जनुकक्रमांवर काम करणारा जीवशास्त्राच्या विभागात असतो, भूजलाच्या नोंदी तपासणारा स्थापत्य अभियांत्रिकीच्या विभागात आणि नव्या मिश्रधातूंचे गुणधर्म गणिताने वर्तवू पाहणारा धातुशास्त्राच्या विभागात. म्हणून विद्यार्थ्याने शब्दाचा नव्हे, वस्तूचा शोध घ्यावा. नोंदी कोठे जमतात, हे प्रथम पाहावे. त्या नोंदींच्या मागोमाग पद असते.

दुसरी गोष्ट पैशाची. तिच्याविषयी बोलणे आपल्याकडे असंस्कृतपणाचे समजतात. ज्यांच्या घरी पैसा असतो, त्यांनाच हा संकोच परवडतो. संशोधक विद्यार्थ्याला विद्यावेतन तीन वाटांनी मिळते आणि या तिन्हींतील भेद समजणे अत्यावश्यक आहे.

पहिली वाट म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः मिळवलेली अधिछात्रवृत्ती. सीएसआयआर-यूजीसी ‘नेट’ ही परीक्षा गणितीय, भौतिक, रासायनिक, जैविक आणि भू-वातावरणीय अशा पाच विज्ञानशाखांत होते. संख्याशास्त्राचा समावेश गणितात आहे आणि संगणकशास्त्रासाठी यूजीसीची निराळी ‘नेट’ आहे. तीत कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७ हजार रुपये आणि ज्येष्ठ श्रेणीत गेल्यावर ४२ हजार रुपये मिळतात, घरभाडे निराळे. या वाटेचे मोठेपण रकमेत नाही. ही वृत्ती विद्यार्थ्याची असते. ती घेऊन तो मान्यताप्राप्त संस्थांपैकी कोणाच्याही दारी जाऊ शकतो. मार्गदर्शकाशी न पटल्यास त्याच्या हातात काहीतरी उरते.

दुसरी वाट संस्थेची. टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयसर, आयआयटी, भारतीय सांख्यिकी संस्था या आपल्या प्रवेशपरीक्षांतून किंवा ‘गेट’, ‘जेस्ट’ यांसारख्या सामाईक परीक्षांच्या गुणांवरून आणि मुलाखतीतून विद्यार्थी घेतात व त्यांना वृत्ती देतात. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत दरमहा ७० ते ८० हजार रुपये आणि वर्षाला २ लाखांचे संशोधन अनुदान ठरवण्यात आले. पण ही वृत्ती निवडक संस्थांपुरतीच आहे.

तिसरी वाट प्रकल्पाची. एखाद्या प्राध्यापकाला शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून, २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडून किंवा एखाद्या मंत्रालयाकडून निधी मिळतो आणि त्यातून तो एक-दोन संशोधक नेमतो. आकडेवारीच्या कामाची बहुसंख्य पदे या वाटेवर आहेत. येथे परीक्षेचा अडसर कधी कधी कमी असतो, कौशल्याला वाव अधिक असतो आणि पुढे डॉक्टरेटला जाण्यासाठी ही पहिली पायरी ठरू शकते. परंतु येथे पैसा प्रकल्पाचा असतो आणि प्रकल्प प्राध्यापकाचा. प्रकल्प संपला की पद संपते. म्हणून पद स्वीकारण्यापूर्वी विद्यार्थ्याने काही प्रश्न विचारलेच पाहिजेत: प्रकल्पाची किती मुदत उरली आहे? या पदावर असताना पीएच.डी.साठी नोंदणी करता येईल काय? निधीचा हप्ता उशिरा आला तर वेतनाचे काय होईल? तयार होणाऱ्या निबंधावर नाव कोणाचे राहील? हे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. गिरणीत कामाला लागणारा कामगारही पगाराची तारीख विचारतो.

आता या पदांची वार्ता कशी पसरते ते पाहावे. परीक्षांच्या तारखा वृत्तपत्रांतून छापून येतात. प्रकल्पपदांचे तसे होत नाही. संस्थेच्या संकेतस्थळाच्या एखाद्या कोपऱ्यात इंग्रजीतील दोन पानांची सूचना लागते. अर्जाची मुदत बहुधा दोन-तीन आठवड्यांची असते. मुलाखतीला येण्याचा खर्च मिळणार नाही, असे शेवटी लिहिलेले असते. त्या मुदतीत जो ती सूचना पाहतो, तो बहुधा त्याच संस्थेत किंवा तिच्या आसपास वावरणारा असतो. कित्येकदा त्याला ती लागण्यापूर्वीच ठाऊक असते. यात दर वेळी कोणाचे कारस्थान असते असे नाही. प्राध्यापकाला काम उरकायचे असते आणि ओळखीचा, तपासलेला विद्यार्थी सोयीचा वाटतो. परंतु हजार ठिकाणच्या अशा निरागस सोयींची बेरीज केली की तिच्यातून एक बंदिस्त वर्ग तयार होतो. ज्यांचे वडील प्राध्यापक आहेत, ज्यांचा वर्गमित्र आधीच आत आहे, ज्यांचे घर पुणे, मुंबई किंवा बंगळुरूत आहे, त्यांच्यासाठी दार उघडे असते. हिंगोली-गडचिरोलीच्या मुलांना दार आहे हेच दिसत नाही.

येथे एका जुन्या घटनेचे स्मरण उचित ठरेल. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन करून कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत गेल्या. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून, एका वर्षाच्या परीक्षेवर त्यांना घेण्यात आले. त्यांच्या कामाने मत पालटले आणि संस्थेचे दार स्त्रियांना उघडले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्या काळी नकार तोंडावर दिला जात असे. म्हणून त्याच्याशी झगडता आले. आज कोणीही कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. सूचना वेळेवर पोहोचत नाही, पत्राला उत्तर येत नाही, मुलाखतीला जाण्यासाठी रेल्वेच्या तिकिटाचे पैसे नसतात. या मुक्या नकाराशी लढणे अधिक कठीण आहे.

तरीही विद्यार्थ्याच्या हातात काहीच नाही, असे मानण्याचे कारण नाही. या क्षेत्रात एक सोय अशी आहे, जी प्रयोगशाळेत बंदिस्त असलेल्या विज्ञानशाखांत नव्हती. येथे सामग्री पुष्कळ अंशी खुली आहे. पावसाची आकडेवारी खुली आहे. खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे ठराविक मुदतीनंतर सर्वांना उपलब्ध होतात. २०१५ साली सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या भारतीय वेधशाळेची निरीक्षणेही अशीच अभ्यासता येतात. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेने २०१४ पासून कणांच्या टकरींची सामग्री खुली केली आहे. गुरुत्वीय लहरींच्या नोंदीही खुल्या आहेत. ज्या आज्ञावलींनी हे काम होते, त्यांतील उत्तमोत्तम विनामूल्य आहेत. तेव्हा विद्यार्थ्याने अर्ज करण्यापूर्वी तीन-चार महिने एक छोटे, नेटके काम पुरे करावे. आपल्या जिल्ह्यातील शंभर वर्षांच्या पावसात कोरड्या दिवसांची सलगता वाढली आहे काय, एवढाच प्रश्न घ्यावा. आकडेवारी कोठून घेतली, कोणत्या नोंदी वगळल्या आणि का, निष्कर्षात किती अनिश्चितता आहे, हे प्रामाणिकपणे दहा पानांत लिहावे. असे एक काम दहा अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांहून वजनदार ठरते. प्रमाणपत्र हजेरीची साक्ष देते. हे दहा पानी काम विचार करण्याच्या पद्धतीची साक्ष देते.

मग प्राध्यापकाला पत्र लिहावे. शंभर जणांना एकच मजकूर पाठवण्यात अर्थ नाही. पाच जण निवडावेत. प्रत्येकाचा अलीकडचा एक निबंध खरोखर वाचावा. त्यातील कोणता प्रश्न पुढे नेता येईल असे वाटते, ते चार वाक्यांत लिहावे. सोबत आपले दहा पानी काम जोडावे. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण द्यावी. आणि त्या गटात आज असलेल्या विद्यार्थ्यांशी, शक्य तर सोडून गेलेल्यांशीही बोलावे. मार्गदर्शकाची कीर्ती त्याच्या निबंधांतून कळते. त्याची माणुसकी विद्यार्थ्यांकडूनच कळते.

परदेशांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण त्या बाबतीत भाबडेपणा आणि भीती दोन्ही फार आहेत. युरोपातील कित्येक देशांत डॉक्टरेटचा विद्यार्थी हा विद्यार्थी कमी आणि कर्मचारी अधिक मानला जातो. नेदरलँड्समध्ये त्याला साधारण चार वर्षांच्या करारावर नोकरी मिळते. जर्मनीत विद्यापीठांच्या सार्वजनिक वेतनश्रेणीत त्याला बसवतात, जरी पूर्ण पदाऐवजी अर्धे किंवा पाऊण पद देण्याची तेथील प्रथा टीकेचा विषय झाली आहे. युरोपीय आयोगाने २००५ साली संशोधकांच्या भरतीसाठी आचारसंहिता जाहीर केली. पदे खुल्या जाहिरातीने भरावीत, हे तिचे एक सूत्र आहे. मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी योजनेखालील डॉक्टरेटची पदे तर ‘युराक्सेस’ या सामाईक संकेतस्थळावर जाहीर करावीच लागतात. या योजनेत एक अट आहे: उमेदवाराने भरतीपूर्वीच्या तीन वर्षांत त्या देशात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिलेले नसावे. परक्या देशातील नवख्या उमेदवाराला ही अट अडचणीची नाही, उलट सोयीची आहे. अमेरिकेत अर्जांचा हंगाम बहुधा डिसेंबरात संपतो; विज्ञान-अभियांत्रिकीच्या डॉक्टरेटला प्रवेश मिळाला तर अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून बहुधा वेतन आणि शुल्कमाफी मिळते. पण अर्जाचे शुल्क भरतानाच गरीब विद्यार्थी गळतो. ते माफ करण्याची विनंती कित्येक विद्यापीठांत करता येते, हे त्याला माहीत नसते. डॉक्टरेटसाठी दलालाला पैसे देण्याची मात्र कोठेच गरज नाही. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती डॉक्टरेटसाठीही उपलब्ध आहे.

तेथेही सारे आलबेल आहे, असे समजू नये. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ४८ हजार अध्यापन-साहाय्यकांनी, संशोधकांनी आणि तत्सम कर्मचाऱ्यांनी संप पुकारला, कारण त्यांच्या वेतनात त्या शहरांतील घरभाडे भागत नव्हते. त्या संपाने वेतनवाढीचे करार मिळवले. संशोधन हे श्रम आहे आणि श्रमाला वेतन मिळाले पाहिजे, हा साधा विचार तेथे संघटनेच्या बळावर मान्य करून घ्यावा लागला.

आपल्याकडे तो अजून मान्य व्हायचा आहे. २०१५ साली यूजीसीने केंद्रीय विद्यापीठांतील ‘नेट’ नसलेल्या संशोधकांची दरमहा ८ हजार रुपयांची वृत्ती बंद करण्याचे ठरवले, तेव्हा विद्यार्थ्यांना दिल्लीत तिच्या कचेरीसमोर दिवस-रात्र ठाण मांडावे लागले. राज्य विद्यापीठांतील असंख्य संशोधकांना तेवढेही मिळत नव्हते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे वंचित समाजांतील मुलेमुली प्रथमच मोठ्या संख्येने संशोधनाकडे वळली. त्याच मुलामुलींना २०२३ आणि २०२४ मध्ये आपल्या हक्काच्या रकमेसाठी पुण्या-मुंबईत आंदोलने करावी लागली. जून २०२४ मध्ये यूजीसीची ‘नेट’ परीक्षा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि पाठोपाठ सीएसआयआरची ‘नेट’ पुढे ढकलण्यात आली. ज्याच्या घरी आधार आहे, त्याचे यात दोन महिने गेले. ज्याने भाड्याच्या खोलीत राहून, उसनवारी करून अभ्यास केला होता, त्याचे कदाचित संशोधनच गेले. शिष्यवृत्तीच्या मुदतीचा अर्थ काय असतो, हे या महाराष्ट्राला कोणी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली डॉ. आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. ते पुन्हा गेले आणि १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळवली, हा त्यांचा असामान्य निर्धार होता. समाजाची व्यवस्था असामान्यांच्या निर्धारावर सोडून चालत नाही.

काही विद्वान यावर एक आक्षेप घेतात. दारे सताड उघडली तर दर्जा खालावेल. ग्रामीण महाविद्यालयांतून येणाऱ्या मुलांचे गणित कच्चे असते. संगणकाचा सराव नसतो. यातील पहिला भाग असत्य आहे आणि दुसरा अर्धसत्य. गणित कच्चे असते ते त्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवल्यामुळे. तो दोष मुलांच्या माथी मारता येणार नाही. शिवाय आकडेवारीच्या विज्ञानाला आणखी एका ज्ञानाची गरज असते आणि ते ज्ञान कोणत्याही महानगरात शिकवले जात नाही. नोंदवहीतील शून्य हे दर वेळी शून्यच असते असे नाही. कधी ते पाऊस न पडल्याचे शून्य असते, तर कधी नोंद घेणारा माणूस रजेवर गेल्याचे असते. मापक झाडाच्या आडोशाला गेला की आकडा खोटे बोलू लागतो. संगणकाला हा भेद आपोआप कळत नाही. ज्या मुलीने ते मापक, ती कचेरी आणि तो माणूस पाहिला आहे, तिला तो संशय प्रथम येतो; आणि संशय हा संशोधनाचा प्रारंभ आहे. आकडे जेथे जमतात तेथील माणसे संशोधनातून वगळली, तर अन्याय त्यांच्यावर होतोच. परंतु विज्ञानही आंधळे होते. पीकविम्याची भरपाई महसूल मंडळातील हवामानकेंद्राच्या नोंदीवर ठरू लागल्यापासून या आंधळेपणाची किंमत शेतकरी रोकडीत मोजतो आहे.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. सार्वजनिक निधीतून निर्माण होणारे प्रत्येक संशोधनपद, मग ते सहा महिन्यांचे का असेना, एका सामाईक ठिकाणी जाहीर झाल्याखेरीज भरले जाऊ नये. अर्जाची मुदत किमान एक महिन्याची असावी. जाहिरात राज्यभाषेतही निघावी. पहिली मुलाखत दूरसंवादाने व्हावी आणि प्रत्यक्ष बोलावल्यास प्रवासखर्च द्यावा. निवड कोणत्या निकषावर झाली आणि अर्ज किती आले, हे प्रसिद्ध व्हावे. विद्यावेतन महिन्याच्या ठराविक तारखेला मिळावे आणि विलंबाची जबाबदारी निश्चित व्हावी. मोठ्या संस्थांनी आपल्या परिसरातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना दर उन्हाळ्यात काही आठवडे सवेतन कामाला घ्यावे. यांपैकी एकाही मागणीला नवे धरण बांधण्याइतका पैसा लागत नाही.

आणि महाविद्यालयीन शिक्षकांनी यातील कशाचीही वाट पाहू नये. प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात एका शिक्षकाने आठवड्यातून एक तास ही कामगिरी पत्करावी: संस्थांच्या सूचना पाहाव्यात, त्यांचा मराठीत सारांश करून फलकावर लावावा, विद्यार्थ्याचे पहिले पत्र तपासून द्यावे. साने गुरुजींच्या परंपरेचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात अशा शिक्षकांची वाण पडू नये.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वी कोसळलेल्या ताऱ्यांचा अतिसूक्ष्म कंप टिपण्यासाठी तेथे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. त्या कंपातून खरा संकेत निवडून काढणे, वाऱ्याचा, वाहनांचा, दूरच्या भूकंपाचा गोंगाट वेगळा करणे, हे सारे आकडेवारीचे काम आहे. वेधशाळा सुरू होईल तेव्हा पुण्या-मुंबईचे, दिल्ली-बंगळुरूचे आणि सातासमुद्रापलीकडचे संशोधक तेथे येतील; त्यांचे स्वागतच आहे. औंढ्याच्या मुलांना त्या कुंपणाच्या आत पहारेकऱ्याची आणि माळ्याची नोकरी मिळेल, हे जवळजवळ निश्चित आहे. त्यांच्यापैकी एखादी मुलगी त्या नोंदींसमोर संशोधक म्हणून बसेल काय, हे निश्चित नाही. आज ती नववी-दहावीत असेल. तिच्यापर्यंत वार्ता पोहोचवायला अजून वेळ आहे; पण तो फार नाही.